वैजनाथअप्पांची लाल पिशवी

गोल्फ खेळायला आलेल्या मोठमोठ्या साहेबांना बूट काढायला लावणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे वैजनाथअप्पा. तुमचे आजोबा लातूरजवळच्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर होते, आणि कारखान्याच्या पडीक माळावर ते आणि त्यांचे चार-पाच मित्र खेळत. पिण्याच्या पाण्याची ओरड असलेल्या आमच्या भागात हिरवळ कुठून आणणार? म्हणून ज्या खड्ड्यात चेंडू घालायचा, त्याच्याभोवती वाळूत तेल कालवून, चोपून गुळगुळीत गोल केलेला असे. अप्पा त्याला खळं म्हणत. आणि धान्य मळायच्या खळ्यावर आमच्याकडे कुणी पायताण घालून जात नाही. "काढा साहेब," ते म्हणत. "पायातलं काढलं की डोक्यातलं बी निघतं."

अप्पा देवणीचे. फौजेत असताना अधिकाऱ्यांच्या गोल्फच्या पिशव्या वाहता वाहता खेळ शिकले आणि निवृत्तीनंतर आमचा माळ सांभाळू लागले. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि उन्हाळा सोडला तर अंगात फौजेतला स्वेटर.

तुमच्या आजोबांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. एक फटका चुकला की पुढचे तीन ते त्याच्यावरच चिडून घालवत. अप्पा त्यांची पिशवी घेऊन शेजारून चालत असत. "गेला तो गेला, साहेब. हाका मारल्यावर माघारी यायला ती काय गाय हाय?" मग पुढच्या चेंडूपर्यंत ते देवणीच्या बैलांविषयी बोलत. कुणाची गळ्याखालची पोळी कशी लोंबते, कुणाचं वशिंड कसं भरलंय, असलं सगळं. चेंडूपाशी पोहोचले की पिशवी खाली ठेवत, आणि मग एक अक्षर नाही. "दोन-अडीच तास कुणाचं बी ध्यान टिकत न्हाई. फटक्यापुरतं टिकवा. मधी बैलाचं बोलू."

निखिल, आता तूही गोल्फ खेळतोस; पाचव्या होलनंतर मन भरकटतं असं तू म्हणालास आणि तुझ्या प्रशिक्षकाने दिलेली एकाग्रतेवरची पानं मला पाठवलीस. ती मी दोनदा वाचली. अप्पांपेक्षा वेगळं त्यात काही सापडलं नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांचे फोन बंद करून ते एका लाल कापडी पिशवीत घेत, स्वतःचाही. एका डॉक्टरांनी कुरकुर केली, तेव्हा म्हणाले, "तुमच्याबिगर दुनिया थांबून ऱ्हायली का, डाक्टर? नऊ होल दम धरंल ती."

एका वर्षी नांदेडच्या मंडळींनी आजोबांना सामन्याला बोलावलं. नेमक्या त्याच आठवड्यात अप्पांच्या पत्नी, महादेवीअक्का, लातूरला दवाखान्यात होत्या. पोटाची शस्त्रक्रिया झाली होती, दोन दिवसांत घरी सोडणार होते. अप्पा जायला तयार नव्हते. मीच म्हणाले, "जा अप्पा, मी बसते ना." आणि अक्का पडल्या पडल्या हसल्या, "जावा की. हितं बसून काय माझं पोट राखता? तुमी न्हाई गेलं तर सायब हरतेत." अक्का बिदरकडच्या. त्यांच्या मराठीलाही कानडी हेल होता.

सकाळी दहाच्या सुमारास त्यांना अचानक धाप लागली. डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लावला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालकांना बोलावून घ्या." मी अप्पांना फोन लावला. बंद. आजोबांना लावला. बंद. अक्कांनी तोंडावरचा मास्क ओढून काढला आणि माझा हात धरून बोलायला लागल्या. सगळं कानडीत. ताप होता, पण ती बडबड नव्हती. त्या थांबत, आठवत, बोटांवर काहीतरी मोजत आणि पुन्हा सांगत. मी म्हणाले, "अक्का, मराठीत सांगा, मला कळत नाही." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कानडीतच सुरू केलं. नर्स जळकोटची होती, तिलाही कानडी येत नव्हती. ती दुसऱ्या वॉर्डात कुणी मिळतं का ते बघायला पळाली. मी एका हाताने अक्कांचा हात धरून दुसऱ्या हाताने फोन लावत राहिले. फोन लागला असता तर तो त्यांच्या कानाशी धरता आला असता, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही विचाराल, आजी, रेकॉर्ड का नाही केलंस? फोन माझ्याच हातात होता, बाळांनो. मला सुचलं नाही. नर्स एका म्हाताऱ्या बाईला घेऊन आली तेव्हा अक्कांचं बोलणं थांबलं होतं. बारा वाजायच्या आत त्या गेल्या.

आजोबा तो सामना जिंकले.

महिन्याभराने अप्पा आमच्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत, दाराशी उंबऱ्याजवळ टेकले. "बाई, ती काय बोलली?"

मी पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. पण त्या वीस मिनिटांतला एक शब्द मला सांगता येत नव्हता. मग तेच एकेक कानडी शब्द मला विचारू लागले. "'नीर' म्हणली का? पानी मागितलं आसंल." मला आठवेना. "'मनी'? घराचं काही?" मला आठवेना. प्रत्येक शब्दानंतर ते थांबत आणि माझ्या तोंडाकडे बघत. मला ते सहन होईना. मी म्हणाले, "अप्पा, त्या तुमचं नाव घेत होत्या. सारखं वैजनाथ, वैजनाथ म्हणत होत्या."

अप्पांनी खाली बघितलं.

"लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच," ते म्हणाले. "त्याच्यामागं तिनं कधी माझं नाव घेतलं न्हाई, बाई."

ते उठले, चपला पायात घातल्या. "आसू द्या. तुमी चांगल्या मनानं सांगितलं."

त्यानंतर सहा वर्षं ते जगले. दर सणाला घरी येत, चहा घेत, आजोबांशी बैलांचं बोलत. मला त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही.