घरची वेणी

निर्मळ गावच्या यशोदाबाईंना सिनेमाचं वेड कधीच नव्हतं. वेड लागायला फुरसत लागते, ती त्यांच्या वाट्याला आली कधी? सकाळी मोगरा खुडायचा, दुपारी वेण्या गुंफायच्या, मधल्या वेळात घर ओढायचं. जन्म त्यात गेला आणि शेवटी गुडघेही गेले.

त्या रविवारी दुपारी सुनेने, भाविकाने, टीव्हीवर एक सिनेमा लावला. असले संथ, बक्षिसं मिळालेले सिनेमे तिला भारी आवडतात. यशोदाबाई चटईवर फुलांचं सूप घेऊन बसल्या होत्या. मागे आरामखुर्चीत त्यांचे यजमान, हरिश्चंद्रभाऊ. शेजारची सँड्रा लोणचं द्यायला आली ती तिथेच टेकली.

सिनेमातल्या नवऱ्याचं बाहेर प्रकरण असतं आणि बायकोला ते ठाऊक असतं. बस, एवढंच. रडारड नाही, थोबाडीत नाही. ती त्याच्या सदऱ्याला इस्त्री करते, कॉलर पुन्हा एकदा दाबते, सदरा खुंटीला लावते.

"अगो बाय, ह्यात कायच होत नाय!" सँड्रा वैतागली. "मी असते तर इस्त्रीच घातली असती त्याच्या टाळक्यात." आणि शेवट न बघताच उठून गेली. भाविकाही चहा टाकायला आत गेली.

यशोदाबाईंचे हात मात्र थांबले होते. काहीच होत नाही कसं? बाई दमलीय, दिसत नाही का? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं घर न विचारता बरोबर दाखवलं होतं. त्यांना रडू आलं नाही, उलट बरं वाटलं, अंग चेपून दिल्यासारखं.

त्यांच्या घरी एक रीत होती. बाजाराच्या वेण्या सुती दोऱ्यात, झटपट. घरच्या बाईची वेणी तेवढी केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोऱ्यात, कारण ती केसांना ओढत नाही, गार राहते. भाऊ तेव्हा रोज पहाटे फुलं घेऊन दादरच्या बाजाराला जायचे. एकदा म्हणाले, "घरची वेणी मला दे. बाजाराच्या तोंडाशी देवी आहे, तिला वाहतो." यशोदाबाईंनी आनंदाने दिली. देवीला कोण नाही म्हणेल?

पुढे भाऊ तापाने पडले आणि फुलं घेऊन त्या स्वतः गेल्या. बाजाराच्या तोंडाशी देवी नव्हती, चहाची गाडी होती. चहा गाळणाऱ्या बाईच्या अंबाड्यात कालची वेणी सुकलेली होती. सोपटाची. स्वतःच्या हातची गाठ न ओळखायला त्या काय आंधळ्या होत्या?

घरी येऊन भांडल्या नाहीत. कधी भांडणार? सासू अंथरुणावर, वाडीला पाणी लावायचं, मुलगा धवल अंगावर पीत होता. आज बोलू, उद्या बोलू करता करता बोलणंच शिळं झालं. ती बाई पुढे गाडी मोडून कुठे गेली कोण जाणे. मेला तो ताप आणि मेली ती देवी!

सिनेमा संपला, यशोदाबाईंनी टीव्ही बंद केला. खुर्चीतून भाऊंचा आवाज आला, घोगरा. "ही त्याला विचारत का नाही?"

आज नाही तर कधीच नाही, हे यशोदाबाईंना कळत होतं.

"विचारलं तर तो खोटं बोलेल," त्या म्हणाल्या. "मग ते खोटंही तिलाच सांभाळत बसावं लागेल."

भाऊ चाचरत म्हणाले, "यशोदे, ती... ती वेणी. पुढे पुढे ती रोज टोपलीत सगळ्यात वर असायची."

"मीच ठेवायची वर. आधी तुम्ही निघताना ती शोधायला सगळी टोपली उचकटायचात. बाकीची फुलं दबायची."

त्यांनी सूप पुढे ओढलं आणि उरलेल्या कळ्या दोऱ्यात गुंफायला घेतल्या. भाविका चहा घेऊन आली तेव्हा भाऊ बंद टीव्हीकडे बघत होते.