मागच्या रोटरचं आवतन

दादाने ती परदेशी गाडी अकोल्याहून भातकुलीजवळच्या आमच्या घरी आणली, तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. आधीच्या मालकाकडे ती बरीच वर्षं एका जागी उभी होती. पण दादाने बॉनेट उघडून समजावून सांगितलं आणि मी चाटच पडले. या इंजिनात पिस्टन नाहीच. फुगीर डब्यात तीन कोनांचा जाड लोखंडी तुकडा फिरतो, तो रोटर. त्याची एक बाजू हवा ओढते, दुसरी दाबते, तिसरी जळलेला धूर बाहेर टाकते, आणि हे सगळं एकाच वेळी. असे दोन रोटर. कुणाच्या डोक्यात हे आलं असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

हवा नीट दाबली जाते की नाही, हे दादा कानाने ओळखायचा. पण गॅरेजात जन्म घालवून त्याचे कान अधू झाले. म्हणून पोळ्याला मी अमरावतीहून माहेरी आले, तेव्हा त्याने मलाच कामाला लावलं.

"तू आइक. प्लग काढला हाय. बाबा चावी फिरवतीन. तीन बाजूचे तीन फुसकारे सारखे आले पायजेत."

मी शाळेत शिकवते. गोंगाटातून एकेक आवाज वेगळा काढणं माझं रोजचंच. पुढचा रोटर छान बोलला, फट्, फट्, फट्. मागचा मात्र दोनदा फुस्स आणि एकदा फट्. मी तसं सांगितलं आणि दादा खाली बसला. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी असते, तीच भिंतीला घासून हवा धरते. एका टोकाची पट्टी गेली की लगतच्या दोन्ही बाजू लुळ्या पडतात. ती तुटली असेल तर भिंतही खरवडते, आणि इकडे ते दुरुस्त करणारं कोणी नाही. पोळा झाला की गाडी सुटे भाग करून देऊन टाकायची, असं त्याने सांगून टाकलं. ज्या गाडीसाठी त्याने इतका जीव टाकला, तिच्याकडे तो बघेनासा झाला.

ती पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांचे खांदे पळसाच्या पानाने तुपाहळदीत शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. पण बाबांचे बैल आता राहिले नव्हते. गोठा रिकामा होता, आणि गोठ्याशेजारी ही गाडी.

सकाळी बघतो तर गाडी अंगणात, तोंडाशी झेंडूची माळ, आणि प्लगच्या भोकात पळसाच्या पानाचं नरसाळं!

"बाबा, हे काय करून ठेवलं तुमी?" दादा ओरडलाच.

"खांदे शेकले. काहून, त्याले जीव नाई का? हळद नाई टाकली, एवढी अक्कल हाय मले. तुयाच डब्यातलं तेल, कोमट करून. मंग ढकलत आणली पुढं. अडून अडून आली लेकाची."

गाडी गिअरमध्येच होती. म्हणजे तेलात भिजलेला रोटर हळूहळू फिरत आला होता. आम्ही पुन्हा ऐकलं. तीन फुसकारे, अगदी सारखे! मी टाळ्या पिटल्या. दादा हलला नाही.

"हे तेल बोलून राहिलं, इंजिन नाई. तेलानं फट बुजते. ते जळू दे, मंग खरं काय ते समजन."

मला त्याचा असा राग आला! पण बरोबर तोच होता. दुपारी प्लग लावून गाडी सुरू केली, तर धुराने गल्ली भरली आणि पोळ्याच्या तोरणाखाली जमायला निघालेले शेजारचे सजलेले बैल बिथरले. बाबांनी त्यांच्या मालकाच्या शिव्या हसत ऐकून घेतल्या. हळूहळू धूर विरळ झाला. इंजिन तापल्यावर दादाने ते बंद केलं आणि फडक्यात धरून मागचा प्लग काढला. बाबा चावीवर बसले. मी कान लावला, आणि खरं सांगते, मला ऐकायची भीती वाटत होती.

फट्, फट्, फट्. तीनही सारखे.

पट्टी तुटलीच नव्हती. काजळीत अडकून बसली होती, ती तेलाने मोकळी झाली. मी ओरडून सांगितलं, पण सकाळच्या माझ्या टाळ्या दादाला आठवत असाव्यात. त्याने मला बाजूला सारलं आणि भोकासमोर तळहात धरला. बाबा चावी फिरवत राहिले. दादाचे डोळे मिटलेले, ओठांवर मोजणी. इतक्या लोखंडाच्या आत कुठेतरी एक बोटभर पट्टी आपलं काम करत होती आणि माझ्या भावाच्या हातावर श्वास येत होता.

त्याने हात काढला नाही. तसाच मान वळवून म्हणाला, "बाबा, काल याले आवतन देल्लं होतं का?"

"देल्लं ना. दरसाल देतो, औंदा कोणाले देऊ?"

"मंग पुरणपोळी आणा," दादा म्हणाला. "आला हा जेवाले."