अनधिकृत वटवाघळं

आमच्या जिन्यावर किस्से जमवायला कोणी मुद्दाम बसत नाही. संध्याकाळी मी लेकीला भरवायला वाटी घेऊन पायरीवर बसते, खालून घरमालकीण मेश्राम मावशी मेथीची जुडी घेऊन येतात, आणि भाजी निवडून होईस्तोवर एखादा किस्सा तयार असतो. यंदाचे सगळे मात्र एकाच बोर्डामागून निघाले.

तो बोर्ड आमच्याच भिंतीवर आहे. नेहरू नगरात जागोजागी कोचिंग, तसं आमच्याही खाली एक आहे. बोर्डावर पहिल्या आलेल्या मुलांचे हे मोठाले चेहरे, आणि बोर्ड अन् भिंतीच्या मधल्या फटीत अंगठ्याएवढाली वटवाघळं. दिवेलागणीला ती एकेक करून टॉपरांच्या कानामागून बाहेर पडायची. मावशींना ते रोजचंच. मला मात्र पालीचीही भीती वाटते, ही तर उडणारी. त्यात लेक दहा महिन्यांची.

*

पहिल्यांदा एक घरात शिरलं तेव्हा हे ड्यूटीवरून यायचे होते. मी लेकीला मच्छरदाणीत बसवलं, तिच्या डोक्यावर स्टीलचं पातेलं ठेवलं, स्वतः यांचं प्लांटचं जुनं हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि मावशींना हाका मारल्या.

मावशी आल्या. दिवा बंद केला, खिडकी उघडली अन् खुर्चीवर बसून राहिल्या. दोन मिनिटांत ते आपलं आपण निघून गेलं.

"हात नाही लावाचा त्याले, बस," मावशी म्हणाल्या. "त्याले कुठं तुह्या घरात राहाचं आहे पोरी? रस्ता चुकलं होतं ते."

हे आले तेव्हा आम्ही मायलेकी अजून मच्छरदाणीतच होतो. यांनी दारातूनच आम्हाला खालवर पाहिलं.

"सेफ्टी शूज कावून नाही घातले?"

*

दुसऱ्या दिवशी मी कॉलनीच्या समितीत अर्ज दिला, की वटवाघळं काढा अन् फट बुजवा. समितीचे सेक्रेटरी बोरकर काका. त्यांची सगळी नोकरी प्लांटच्या क्वार्टरात बेकायदा राहणाऱ्यांना नोटिसा लिहिण्यात गेली. रिटायर झाले, पण हात काही थांबला नाही.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," अर्ज वाचून काका म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो. आता फाइल उघडली. उघडलेली फाइल मी तशी सोडत नाही."

मला बरंच वाटलं.

सायंकाळी काकांनी बोर्डाखाली टाइप केलेली नोटीस चिकटवली. अनधिकृतपणे राहणाऱ्या वटवाघळांना कळवण्यात येते, की पंधरा दिवसांत जागा खाली करावी, अन्यथा फट सिमेंटने बंद करण्यात येईल. एक प्रत मकानमालकाला.

मावशींनी चष्मा लावून सगळी वाचली.

"काका, उलटी लावा न. ते उलटे लटकून वाचतेत."

सकाळी पाहिलं तर नोटीस उलटी होती. कोणी केली ते अजून कळलं नाही. काकांनी मात्र ती सरळ केली नाही.

*

कोचिंगच्या सरांची अडचण वेगळी होती. एक बाई पोराला घेऊन ॲडमिशनला आल्या. बोर्डाकडे पाहत असतानाच टॉपरच्या कानामागून फडफड सुरू झाली.

"सर, ये क्या है?"

"हमारा शाम का बॅच," सर म्हणाले, पण ॲडमिशन गेलीच. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोर्डावर हॅलोजन लावला. त्या उजेडाला वटवाघळं कंटाळली आणि गायब झाली. मी शिरा करून जिन्यावर वाटला.

मावशींनी शिरा खाल्ला, वाटी खाली ठेवली अन् म्हणाल्या, "खाणारे गेले. आता खाणं तुह्या घरी येईन."

*

आलंच. चार-पाच दिवसांत मच्छर इतके झाले की सरांच्या क्लासातून टाळ्या ऐकू यायच्या. सर दोन दिवस खुशीत होते. मावशींना म्हणाले, "पोरं आता एकेका फॉर्म्युल्याले टाळ्या वाजवून राहिले." तिसऱ्या दिवशी त्यांनाच मानेवर चावला, तेव्हा त्यांनीही एक टाळी वाजवली अन् संध्याकाळी हॅलोजन काढून टाकला.

मला हसू आलं नाही. लेकीच्या गालावर चार फोड अन् अंगात ताप. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट येईपर्यंत मी तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. रिपोर्ट चांगला निघाला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "घरी कूलर आहे? त्याचं पाणी कधी बदललं होतं?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी कूलर आणणाऱ्या आपल्या भावाचं नाव घेतलं.

घरी येऊन आधी कूलर पालथा केला. मग खिडकीला जाळी लावली. मग जिन्यावर जाऊन बसले अन् बोर्डाकडे पाहत राहिले. मावशी म्हणाल्या, "इवलुसं दिसते, पण सांजभर किडे-मच्छरच खात फिरते ते." चौथ्या संध्याकाळी टॉपरच्या कानामागून एक बाहेर पडलं. लेकीने टाळी वाजवली. यावेळी मच्छर नव्हता.

*

अन् पंधरावा दिवस उजाडला. संध्याकाळी काका मिस्त्री अन् शिडी घेऊन आले. घमेल्यात सिमेंट कालवलेलं.

मी लेकीला कडेवर घेऊन शिडीच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले. "काका, नका बुजवू. आत पिल्लं असतील."

"अर्ज तुमचाच आहे."

"माघारी घेते."

"अर्ज माघारी होतो, नोटीस नाही होत." काकांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्यांनी फाइल उघडून बंद केली, पुन्हा उघडली. "एक रस्ता आहे. पाहुणे ठेवायचा फॉर्म. तुमच्या जबाबदारीवर."

मिस्त्री घमेल्याला टेकून बसला. मी शिडीवरच फॉर्म भरला. पाहुण्यांची संख्या: मोजता आली नाही. मुक्काम: कायमचा. नातं: इथे पेन अडलं. लेकीकडे पाहिलं आणि लिहिलं, मामा.

काकांनी एकेक रकाना बोट ठेवून वाचला. मामावर बोट थांबलं, पण पुढे सरकलं. शेवटी म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पाहुण्याची सही राहिली."

"काका," मावशी म्हणाल्या, "आता सही कुठून आणाची तिनं?"

"सहीशिवाय शिक्का नाही मारता येत मले. आजपर्यंत कधी मारला नाही."

मिस्त्रीने थापी उचलली. तेवढ्यात दिवे लागले, टॉपरच्या कानामागून पहिलं बाहेर पडलं, त्याने काकांच्या डोक्यावरून एक गोल चक्कर मारली, आणि फॉर्मवर तांदळाच्या दाण्याएवढी काळी लेंडी पडली. सहीच्या रकान्यात.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, कागद डोळ्यांजवळ नेला. मग खिशातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि लेंडीच्या बाजूला नीट मारला.

"अंगठा आहे," काका म्हणाले. "चालते."