आयुधपूजेचं खालचं कुंकू

त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही, पण तो बंगळुरात जयनगरला शिंकला की आनेकलची बस स्टॉप नसतानाही थांबायची, एवढं शपथेवर सांगतो. नव्वदच्या सुमाराला आमच्याकडची एक कंपनी बुडाली आणि तिची मालमत्ता विकायला कोर्टाने नेमलेल्या लिक्विडेटर साहेबांनी कारखान्याला सील ठोकलं. आत माझे भाड्याने दिलेले पंखे होते आणि कंपनीचं काम करायला त्याने तिथे ठेवलेला, त्याच्या वडलांचा लोखंड कातायचा लेथ. तो लिलावात गेला असता तर याचं पोटच बंद.

लेथ कंपनीचा नाही, त्याचा आहे, याचा साहेबांनी पुरावा मागितला.

"दसऱ्यात आयुधपूजेला सगळे मशीनला वरून कुंकू लावतात," तो मिशी पिळत म्हणाला. "मी खाली, पायाला लावतो. बघा जावा."

साहेब टॉर्च घेऊन पोटावर आडवे झाले. कुंकू होतं. शेजारच्या लेथखालीही होतं, ड्रिलखालीही, अख्ख्या कारखान्यात होतं. याचा लेथ कधी बिघडत नाही म्हणून सगळ्यांनी याचीच रीत उचलली होती.

"आता?" साहेब म्हणाले.

"सरी, ठीक आहे, मग सगळीच मशीनं माझी. लॉरी स्वल्प मोठी मागवा."

दारातले कामगार पोट धरून हसले. मग एक जण म्हणाला, "रीत आम्ही चोरली, साहेब. हा लेथ या अण्णांचाच, लिहून देतो." आणि थकलेल्या पगाराचे आपापले दावे बाजूला ठेवून सगळे त्याच्यासाठी साक्षीची सही करायला रांगेत उभे राहिले.