दाराला बांधलेला लिंब

लंकाबाईचं काय चुकलं, असं कोणी विचारलं तर मी सरळ सांगते, तिने दार उघडलं नाही. बाकी त्या बाईने पोरीसाठी काय केलं नाही ते मला विचारा.

केडगावात माझ्या भिंतीला भिंत लागून तिच्या दोन खोल्या. मी ब्लाउज शिवते आणि मशीन दारातच असते, त्यामुळे तिच्याकडे कोण आलं, कोण गेलं हे मला कळतंच. चोंबडी म्हणा हवं तर. लंकाबाई मूळची पाथर्डीकडची. ती आणि नवरा गहिनीनाथ, दोघांचा मिळून एक कोयता, ऊसतोडीत जोडप्याला तसंच म्हणतात. कित्येक हंगाम त्यांनी राहात्याकडच्या फडांत ऊस तोडला. आता गहिनीनाथ इथे एका गोदामावर राखणदार आहे. मूलबाळ नाही. म्हणजे होतं, पण त्याबद्दल ती कधी बोलत नसे.

दोनेक वर्षांपूर्वी एका संस्थेने त्यांना संगोपन पालक म्हणून मान्यता दिली आणि धनश्री घरात आली. आई वारलेली, बापाचा पत्ता नाही, अशी सात वर्षांची पोर. दत्तक नव्हे, सांभाळायला दिलेली. संस्थेची माणसं अधूनमधून बघून जाणार आणि काही वावगं वाटलं तर मूल परत नेणार. पहिले काही महिने पोर कोपऱ्यात तोंड करून जेवायची. मग एक दिवस माझ्या मशीनखालच्या चिंध्या मागायला आली आणि म्हणाली, "आईने मागितल्यात, बाहुली करायची आहे." मी हे लंकाबाईला सांगितलं, तर तोंडाला पदर लावून ती मोरीतच जाऊन बसली.

यंदा धनश्रीला कांजण्या आल्या. लंकाबाईने तिला डॉक्टरांना दाखवलं, औषध आणलं, वेळेवर दिलंही. पण तिच्या लेखी औषध वेगळं आणि अंगावर आलेली देवी वेगळी. दाराला लिंबाचे डहाळे बांधले. घरात फोडणी बंद. बाहेरच्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. त्यात मीसुद्धा आले. मी उंबऱ्याबाहेर मऊ भाताची वाटी ठेवून परत फिरायची. गहिनीनाथसुद्धा बाहेरून आला की उंबऱ्याबाहेर पाय धुवूनच आत जायचा.

नेमकी तेव्हाच संस्थेची स्नेहल मॅडम भेटीला आली. "आत देवी हाय मॅडम, उतरल्यावर या," लंकाबाई कडी न काढता म्हणाली. मॅडमने समजावलं, मग दटावलं. आत धनश्री खाजेने रडत होती. कांजण्याच आहेत, असं मी सांगायला गेले, पण माझं कोण ऐकतंय! मॅडम पुन्हा आली तेव्हाही तेच. मग मान्यता रद्द झाली. खपल्या पडतात न पडतात तोच पोरीला गाडीत बसवून बालगृहात नेलं. लंकाबाई ओरडली नाही की गाडीमागे पळाली नाही. वाळलेले डहाळे सोडत बसली. मला तिचा असा संताप आला! अगं बाई, एक कडी काढायला काय जात होतं तुझं?

निर्णयाचा फेरविचार करा, असा अर्ज मीच करायला लावला. त्यासाठी समितीची बैठक नगरला होती. रिक्षात मी तिला पढवत होते, "चूक झाली म्हणायचं. पुढच्या वेळी दार उघडीन म्हणायचं. देवीचं नाव काढायचं नाही." ती मुकाट्याने मान हलवत होती.

टेबलापलीकडे तिघे जण. मधे अध्यक्ष, एक वयस्क बाई. आधी स्नेहल मॅडमला विचारलं. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण ती म्हणाली, "बंद दाराआड मूल रडतंय आणि बाई दार उघडत नाही. मी काय समजायचं होतं?"

"पुन्हा तशी वेळ आली तर दार उघडाल का?" अध्यक्षबाईंनी लंकाबाईला विचारलं.

एका शब्दाचं तर उत्तर. मी तिला कोपराने ढोसलं. गहिनीनाथ मांडीवरच्या टोपीकडे बघत बसलेला.

"आमचा पोरगा भीमा फडावरच गेला, बाई," ती एकदम बोलायला लागली. "गोवर आल्ता त्याला. पाचटाची कोपी आमची, तिला दार कुटलं? टोळीतली मानसं चिखलाच्या पायानं आतबाहेर करायची. मी कुनालाच न्हाई म्हनले न्हाई. तवापास्नं वाटतंय, दार असतं तर पोरगं ऱ्हायलं असतं. आता दार हाय. म्हनून लावलं."

"दवाखाना लांब हुता, त्यानं गेलं पोरगं," गहिनीनाथ खाली बघतच म्हणाला. "हिला लई येळा सांगितलं."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"उघडीन," लंकाबाई शेवटी म्हणाली. "देवी कोपली तर माझ्यावर कोपंल. पन हातपाय धुवून आत या म्हनंन. तेवढं म्हनू द्या मला."

महिन्याभराने निर्णय फिरला. मान्यता परत मिळाली, पण काही महिने देखरेखीखाली. त्या महिन्यात लंकाबाई निम्मी झाली होती.

धनश्रीला सोडायला स्नेहल मॅडमच आली. लंकाबाईने सकाळपासून दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या ठेवल्या होत्या. मी मशीन सोडून उठले. पोर गाडीतून उतरली, दारापर्यंत आली, चपला काढून तिने भिंतीशी नीट लावल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ये की गं आत," लंकाबाई म्हणाली.

"पाय धुवायला पाणी दे," धनश्री म्हणाली. "मी बाहेरची आहे ना आता."

लंकाबाईने पाणी आणलं नाही. ती उंबऱ्यातच मटकन बसली आणि धुळीच्या पायांसकट तिने पोरीला मांडीवर ओढलं. पोरीने तिच्या गळ्यात हात टाकले. पाय मात्र वर उचलून धरले होते, घराला लागू नयेत म्हणून.