दिवा बंद, माणूस खाली

मीटरवाल्या काकांचा कागद तीन दिवस शिलाईवाल्या बाईंच्या मशीनखाली दाबलेला होता. टाकीमागच्या मोकळ्या जागेत दर रविवारी संध्याकाळी गाणंबजावणं चालू ठेवायचं, तर समोरच्या प्रत्येक घराची सही हवी. अकरा झाल्या होत्या. बारावी बाईंची. सोमवारी सकाळपर्यंत ती मिळाली नाही, तर खुर्च्या कायमच्या आवरायच्या.

बाईंचा त्या माणसावर काडीचा भरवसा नव्हता. जन्मभर लोकांच्या दारातले विजेचे मीटर वाचले, आणि निवृत्त झाल्यावर हा एकाएकी खुर्च्या वाहतो, वादकांच्या विनवण्या करतो. तेही फुकट?

"निवडणुकीला उभा राहणार बघा," पलीकडच्या गल्लीतली जाऊ म्हणाली.

"राहू दे उभा. पण गाणं चालू असताना हा बाबा गाणाऱ्याकडे पाठ करून बसतो गं. खिडक्या न्याहाळतो आणि वहीत लिहितो."

"तुमचीही खिडकी?"

"माझी तर आधी."

शनिवारी काका कागद न्यायला आले. बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली नाही.

"आधी वही दाखवा."

काकांनी खिशातून काढून दिली. घराचा नंबर आणि पुढे 'बंद' नाहीतर 'चालू'.

"ही काय, चोरांना द्यायची यादी?"

"दिव्यांची आहे हो," काका ओशाळले. "दिवा बंद, म्हणजे माणूस खाली उतरलं. मीटर वाचताना कळायचं, कुठल्या घरात एकटाच दिवा जळतोय ते. अशी नऊ घरं होती. त्यांच्यापायीच हा खटाटोप. आठ उतरली."

बाईंनी पानं उलटली. आपला तीन नंबर चालू. चालू. प्रत्येक पानावर चालू.

"मला शिवण असतं," त्या फणकारल्या. "सहीचं बघते."

रविवारी बासरी सुरू झाली, तसा बाईंनी मुद्दाम दिवा मालवला आणि पडद्याआड उभ्या राहिल्या. काय करतो बघू. काकांनी वर पाहिलं, वहीत काहीतरी टिपलं, वही खिशात घातली. मग शेजारची खुर्ची पुसली. एक ढेरपोट्या गृहस्थ टेकायला आला, तर त्याला उठवलं.

"इथे येतायत कुणीतरी. जिना उतरतायत."

खोटारडा, बाई पुटपुटल्या. कागद उचलला, चपला सरकवल्या आणि तरातरा जिना उतरून त्याच खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"पेन द्या. आणि मघाचं ते 'बंद' खोडा आधी. मी वरच होते. आता लिहा."

काकांनी खोडलं, पुन्हा लिहिलं. बाईंनी ते चष्मा लावून वाचलं. मगच सही केली.