कळी पाहून परतलेल्या बाई

सुमतीबाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, यावर आमचा कुणाचाच विश्वास बसत नाही. त्यांची पहिली ओळख झाली ती आमच्या बांधावर. गंगापूर रोडच्या पुढे आमचे गुलाबाचे मळे. वनस्पतिशास्त्राच्या या प्राध्यापिका एका सकाळी गुलाब घ्यायला आल्या आणि गुलाब सोडून बांधावरच्या तणाशीच बसल्या. मी विचारलं, "काही हरवलं का बाई?"

"सापडलंय हो भाऊ, या इकडे!"

तेव्हापासून माझ्यासारख्या सातवी पास माणसाला त्यांनी घरी बसवून, चहा पाजून झाडं ओळखायला शिकवलं. माझ्या वेड्यावाकड्या शंकांना त्या कधी कंटाळल्या नाहीत.

उत्तरेकडच्या थंड जंगलात एक दुर्मिळ आमरी असते, म्हणजे रानटी ऑर्किड. तिचं फूल सपातेच्या आकाराचं. नोकरीभर बाईंनी ती चित्रावरूनच शिकवली. जिवंत फूल कधी पाहिलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा "आधी एकदा जाऊन येते" म्हणून हटून बसल्या. मी आणि माझी बायको शांता सोबतीला गेलो.

हिमाचलात, देवदारांच्या सावलीत, वाटाड्याने अखेर ते रोप दाखवलं. त्यावर एकच कळी, घट्ट मिटलेली. आणि दुसऱ्या दिवशी आमची परतीची गाडी!

शांताचं आयुष्य फुलबाजारात गेलेलं. गणपतीत कमळाच्या कळ्या बोटांनी उलगडून विकायच्या, हा आमच्या घरचा रिवाज. तिने पदर खोचला आणि हात पुढे केला.

"एवढ्या लांबून येऊन कळीच बघायची व्हय? उलगडते. लय हलका हात हाय माझा."

"शांताबाई, हात मागे! ती मधमाशीसाठी उमलणार आहे. आपण मधेच टपकलेले पाहुणे."

"अन् तुमचे गुडघे? पुन्हा चढतील का?"

"गुडघ्यांशी मी भांडेन."

बाई कळीजवळ बराच वेळ बसल्या. उतरताना त्यांनी डोळे पुसले, ते मी पाहिलं.

नवरात्रात वाटाड्याने फोनवर फोटो पाठवला. फूल केव्हाच उमलून गळून गेलं होतं. त्या जागी बियांनी भरलेली शेंग होती. नुकतंच ऑपरेशन झालेलं, तरी बाई काठी टेकत रिक्षाने आमच्याकडे आल्या.

"शांताबाई, बघा, तुमचा हलका हात मागे सरला म्हणून ही शेंग!"

एवढं श्रेय माझ्या बायकोला आजवर कुणी दिलं नव्हतं. तिने बाईंच्या हातावर गूळ ठेवला.

बाई, या आमरीच्या बीला पहिलं फूल यायला कितीतरी वर्षं लागतात, हे तुम्हीच शिकवलंत. तेवढं सगळं आयुष्य तुम्हाला लाभो, आणि तो चढ चढतील असे ठणठणीत गुडघे. तुमची पिशवी मी उचलीन. शांता म्हणते, ती हात पाठीमागे बांधून येईल.